उघड्या छताची मोटार : निवड आणि आसनांची पारख

लखनौपासून सुमारे 25 किलोमीटर अंतरावर, हरदोईकडे जाणाऱ्या मार्गावर मलिहाबाद वसले आहे. दशहरी आंब्यासाठी हा परिसर देशभर प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये येथील आमराया मोहरतात. छत उघडता येणाऱ्या मोटारीतून फिरण्यासाठी वर्षातील हा काळ सर्वांत सुखद असतो. मात्र दशहरी पिकतो तो जून-जुलैत. त्या सुमारास उत्तर भारतात ‘लू’ नावाचे उष्ण वारे वाहतात, पारा 40 अंशांच्या वर जातो आणि पाठोपाठ पाऊस येतो. डिसेंबर-जानेवारीत दाट धुके असते. म्हणजे आंब्याच्या ऐन हंगामात या मोटारीचे छत बहुधा बंदच ठेवावे लागते.

देशाच्या बहुतेक भागांत थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसते. त्यामुळे अशी मोटार निवडताना तिचा कमाल वेग किती, यापेक्षा छत बंद असताना ती कशी वागते आणि तिच्या आसनावर दोन तास बसता येते का, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात.

भारतातील परंपरा

छत मागे सारता येणाऱ्या किंवा काढून ठेवता येणाऱ्या मोटारीला ‘कन्व्हर्टिबल’ म्हणतात. दोन आसनांच्या, हलक्या आणि चपळ कन्व्हर्टिबलला ‘रोडस्टर’ असे नाव आहे.

भारतात कापडी छताची वाहने नवी नाहीत. जीप आणि 1985 मध्ये आलेली मारुती जिप्सी ही त्यांची परिचित उदाहरणे. परंतु ही वाहने खडतर रस्त्यांसाठी होती. हौसेच्या रोडस्टरचा भारतीय प्रयत्न 1990च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने केला. गोव्यात तयार झालेल्या ‘सॅन स्टॉर्म’ या दोन आसनी मोटारीची काया फायबरग्लासची होती आणि तिला रेनॉ कंपनीचे 1149 सीसी क्षमतेचे पेट्रोल इंजिन बसवलेले होते. ती फार मोठ्या संख्येने विकली गेली नाही. तरीही भारतीय मोटारींच्या इतिहासात तिची नोंद घेतली जाते.

महिंद्रा कंपनीने 2 ऑक्टोबर 2020 रोजी नव्या पिढीची ‘थार’ बाजारात आणली, तेव्हा तिच्यात उघडता येणाऱ्या कापडी छताचाही पर्याय होता. या गाडीची निर्मिती नाशिकमध्ये होते. त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तिला प्रौढ आणि बाल प्रवाशांच्या सुरक्षेसाठी प्रत्येकी 4 तारे मिळाले. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, मिनी आदी परदेशी कंपन्यांच्या कन्व्हर्टिबल मोटारीही भारतात विकल्या गेल्या आहेत. मात्र आयात शुल्कामुळे त्यांची किंमत मूळ देशातील किमतीच्या कितीतरी पुढे जाते.

मोटार चपळ वाटण्यासाठी मोठे इंजिन लागतेच असे नाही. 1989 मध्ये जगापुढे आलेल्या जपानच्या माझदा एमएक्स-5 या रोडस्टरने हे सिद्ध केले. मध्यम शक्तीचे इंजिन, कमी वजन आणि अचूक स्टीअरिंग यांच्या बळावर ती जगातील सर्वाधिक खपाची दोन आसनी स्पोर्ट्स मोटार ठरली. 2016 मध्ये तिच्या निर्मितीने दहा लाखांचा टप्पा ओलांडला.

छत कापडी की धातूचे?

कापडी छत हलके असते, घडी केल्यावर कमी जागा व्यापते आणि सामानाच्या डिकीत फारशी अडचण करत नाही. मात्र त्यातून बाहेरचा आवाज अधिक येतो. कडक ऊन आणि धूळ यांमुळे त्याच्या शिवणी आणि कडांचे रबर लवकर झिजते. घडी होणारे धातूचे छत उष्णता, आवाज आणि चोरी यांपासून अधिक संरक्षण देते. परंतु ते जड आणि महाग असते, उघडल्यावर डिकीची बरीच जागा खाते आणि त्याची यंत्रणा बिघडल्यास दुरुस्तीचा खर्चही मोठा येतो.

आंब्याच्या प्रदेशात आणखी एक काळजी घ्यावी लागते. मोहराच्या काळात झाडांवर तुडतुडे पडतात. त्यांच्या अंगातून स्रवणारा गोड चिकटा झाडाखालच्या वस्तूंवर ठिबकतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. याच काळात बागांत कीटकनाशकांची फवारणीही सुरू असते. म्हणून मलिहाबाद असो वा रत्नागिरी-देवगड, कापडी छताची गाडी आंब्याखाली उभी करू नये आणि फवारणी चालू असलेल्या बागेजवळून जाताना छत बंद ठेवावे.

सांगाड्याची मजबुती

बंद मोटारीत छप्पर हा सांगाड्याला ताठपणा देणारा महत्त्वाचा भाग असतो. ते नसल्यास गाडीची काया पिळवटण्याची शक्यता वाढते. म्हणून कन्व्हर्टिबलचा तळ, दारांखालच्या पट्ट्या आणि पुढच्या काचेचे खांब अधिक मजबूत केले जातात. अनेक मोटारींत आसनांच्या मागे संरक्षक कमानी असतात. गाडी उलटल्यास त्या प्रवाशांच्या डोक्याला आधार देतात. या जादा भरणीमुळे कन्व्हर्टिबल बहुधा त्याच मॉडेलच्या बंद गाडीपेक्षा जड असते.

हे लक्षात घेतले, की जुन्या गाडीचे छप्पर कापून तिला कन्व्हर्टिबल करण्याचा प्रकार किती धोक्याचा आहे, ते स्पष्ट होते. तो बेकायदाही आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मधील निकालात हीच भूमिका स्पष्ट केली.

आसन कसे पारखावे?

स्पोर्ट्स मोटारीचे आसन जमिनीलगत असते आणि त्याच्या दोन्ही कडा उंचावलेल्या असतात. वळणावर शरीर एका बाजूला ढकलले जाऊ नये, हा त्यामागील हेतू. परंतु कडा फार आवळत असतील, तर लांबच्या प्रवासात मांड्या आणि बरगड्या अवघडतात. गुडघे किंवा कंबर दुखत असलेल्या व्यक्तीला खोल आसनातून उठणेही कष्टाचे होते. छत बंद असताना आत-बाहेर करून पाहिल्यास याचा खरा अंदाज येतो.

खड्ड्यांतून आणि गतिरोधकांवरून जाताना बसणारे हादरे हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण 4 ते 8 वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना विशेष संवेदनशील असतो. स्पोर्ट्स मोटारीचे सस्पेन्शन ताठ आणि टायरची बाजू अरुंद असल्यामुळे हादरे शोषण्याचे बरेचसे काम आसनावर येते. अतिमऊ गादी प्रथम सुखद वाटते. मात्र थोड्या वेळाने ती दबते आणि कमरेचा आधार नाहीसा होतो. म्हणून मध्यम घट्ट गादी अधिक चांगली.

आसन पारखताना पुढील बाबी पाहाव्यात.

गादीची पुढची कड आणि गुडघ्यामागचा भाग यांत दोन-तीन बोटांचे अंतर असावे. मांडीला पूर्ण आधार मिळावा, पण कड रुतू नये.

पाठीचा भाग किंचित मागे कललेला असावा आणि कमरेच्या बाकाला आधार मिळावा. तो आधार कमी-अधिक करता येत असल्यास उत्तम.

पाठ न उचलता मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे.

हेडरेस्टची उंची डोक्याच्या माथ्यापर्यंत असावी आणि डोके व हेडरेस्ट यांत कमीत कमी अंतर असावे. मागून धडक बसल्यास मानेची इजा टाळण्यासाठी हे आवश्यक आहे.

छत बंद असताना उंच व्यक्तीच्या डोक्यावर पुरेशी जागा राहावी.

आवरणाची निवडही हवामान पाहून करावी. उघड्या गाडीत गडद रंगाचे लेदर उन्हात चटके देण्याइतके तापते. कापड कमी तापते, पण धूळ आणि पाणी धरते. फिकट रंग किंवा हवा खेळती ठेवणारे आसन भारतात अधिक सोयीचे. थंड देशांसाठी मर्सिडीजने 2004 मध्ये एसएलके मोटारीत मानेभोवती गरम हवा सोडणारे आसन आणले होते. आपल्याकडे त्याचा उपयोग उत्तरेच्या हिवाळ्यापुरताच.

मुले आणि मागची आसने

अनेक कन्व्हर्टिबल मोटारींची मागील आसने नावापुरतीच असतात. कुटुंबासाठी गाडी घेताना तेथे सीटबेल्ट आणि बाल-आसन बसवण्याची सोय आहे का, हे आवर्जून तपासावे. 2019 मधील दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालील मुलांना सीटबेल्ट किंवा बाल-आसनाविना नेल्यास 1000 रुपये दंडाची तरतूद आहे. दोन आसनी गाडीत पुढील एअरबॅग चालू असताना मागे तोंड असलेले बाल-आसन तिच्यासमोर कधीही बसवू नये. छत उघडे असताना मुलांना आसनावर उभे करणे तर जिवावर बेतू शकते.

खरेदीपूर्वीची फेरी

विक्रेत्याच्या दालनात पाच मिनिटे बसून आसन कळत नाही. किमान अर्धा-पाऊण तासाची फेरी घ्यावी. तीत खराब रस्ता, गतिरोधक आणि महामार्ग असे तिन्ही असावेत. छत उघडे आणि बंद अशा दोन्ही स्थितींत गाडी चालवावी. ताशी 80 किलोमीटरला बाजूच्या काचा वर करून वाऱ्याचा झोत किती कमी होतो, ते पाहावे. खडबडीत रस्त्यावर पुढची काच किंवा आरसा थरथरत असेल, तर काया पुरेशी ताठ नाही असे समजावे. जुनी गाडी असल्यास छतावर पाणी सोडून गळती आणि गालिच्याखालची ओल तपासावी.

फेरी संपल्यावर गाडीतून सहज उतरता आले आणि पाठ अवघडली नाही, तरच ती गाडी आपल्यासाठी योग्य मानावी. वर्षातील बरेच महिने छत बंद राहणार असले, तरी आसन मात्र प्रत्येक प्रवासात सोबत असते.