मध्यमाहरण आणि मलिक-ए-मैदान

वर्गसमीकरणाचा आलेख काढावयास बसलेल्या विद्यार्थ्यास तीन गोष्टी शोधावयास सांगतात: वक्ररेषा आडव्या अक्षाला कोठें छेदते, उभ्या अक्षाला कोठें छेदते, आणि तिचा शिरोबिंदु कोठें आहे. हे बिंदु मांडले कीं त्यांतून अन्वस्ताची कमान काढतां येते. गुण मिळतात आणि वही मिटते. परंतु ह्या आकृतीच्या इतिहासाचा एक पदर आपल्या अहमदनगराशीं, म्हणजे आतांच्या अहिल्यानगराशीं, जोडलेला आहे, ही गोष्ट त्या वहींत कोठेंच येत नाहीं.

आरंभ मात्र नगरापासून करतां येत नाहीं. तो भास्कराचार्यांपासून करावा लागतो. शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मध्यें जन्मलेल्या ह्या आचार्यांनीं आपलें गांव सह्याद्रीच्या आश्रयास असल्याचें स्वतःच सांगून ठेविलें आहे. त्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाच्या पदरीं ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यानें स्थापिलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगांवजवळ पाटण येथें सांपडला आहे. नगरचा मुलूखहि त्या काळीं यादवांच्याच राज्यांत मोडत असे.

आचार्यांच्या बीजगणितांत (इ. स. ११५०) माकडांचें एक गमतीचें उदाहरण आहे. कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग करावा; तितकीं माकडें रानांत बागडत आहेत, आणि उरलेलीं बारा टेकडीवर आहेत; तर कळप केवढा? अज्ञात संख्येस आचार्य 'यावत्तावत्' म्हणत, आपण क्ष म्हणूं. छेद काढून टाकला म्हणजे क्ष² − ६४क्ष + ७६८ = ० असें समीकरण येतें. मधल्या पदांतील ६४ चें अर्ध ३२. त्या ३२ चा वर्ग १०२४. त्यांतून ७६८ वजा जातां २५६ उरतात. म्हणजे (क्ष − ३२) ह्याचा वर्ग २५६, आणि त्याचें मूळ १६. बत्तिसांत सोळा मिळविले तर ४८, वजा केले तर १६. ताळा पहावा: ४८ चा अष्टमांश ६, त्याचा वर्ग ३६, त्यांत बारा मिळवून ४८, १६ चा अष्टमांश २, त्याचा वर्ग ४, त्यांत बारा मिळवून १६. दोन्ही कळप खरे.

हाच हिशेब चौकटीच्या कागदावर मांडला तर काय दिसतें? वक्ररेषा आडव्या अक्षाला १६ आणि ४८ येथें छेदते, उभ्या अक्षाला ७६८ येथें छेदते, आणि तिचा शिरोबिंदु बरोबर ३२ च्या खालीं, अक्षापासून २५६ इतका खोल असतो. आचार्यांनीं अर्ध करून काढिलेला ३२ हेंच शिरोबिंदूचें स्थान, आणि मूळ काढण्यासाठीं उरलेले २५६ हीच त्याची खोली! ह्या प्रकरणाचें नांवहि 'मध्यमाहरण', म्हणजे मधलें पद नाहींसें करणें. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर उभा अक्ष सरकवून शिरोबिंदूवर नेणें.

दुसऱ्या एका उदाहरणांत कळपाच्या पंचमांशांतून तीन वजा करून वर्ग केलेला आहे. तितकीं माकडें गुहेंत शिरलीं आणि एक फांदीवर दिसलें. उत्तरें ५० आणि ५ अशीं दोन येतात. पैकीं ५ चा पंचमांश एक, त्यांतून तीन गेले तर उणें दोन उरतात. म्हणून लोकांस तें पटत नाहीं असें सांगून आचार्यांनीं तें सोडून दिलें आहे. आलेखांत दोन्ही छेदबिंदु सारख्याच हक्काचे दिसतात, पण माकडांना उणें होतां येत नाहीं.

एवढ्यावरून आलेखहि मूळचा आमचाच, असें कोणीं म्हणूं लागल्यास तें आम्हांस मान्य नाहीं. आचार्यांपुढें संख्या होत्या. त्यांची रेषा झालेली नव्हती.

ती रेषा प्रत्यक्ष आकाशांत काढणारें यंत्र नगरास तयार झालें. १५४९ सालीं (हिजरी ९५६) पहिल्या बुऱ्हाण निजामशहासाठीं मुहंमद बिन हुसेन रूमी ह्या ओताऱ्यानें येथें एक प्रचंड तोफ ओतली. लांबी सुमारें १४ फूट, वजन सुमारें ५५ टन, आणि मुखाशीं हत्तीला जबड्यांत धरणारें श्वापद. हीच मलिक-ए-मैदान. सपाट मैदानावर सुटलेल्या तोफेच्या गोळ्याची वाट म्हणजे तीच कमान, केवळ उलटी केलेली: गोळा सुटतो व पडतो त्या जागा हे दोन छेदबिंदु, आणि त्यांच्या मध्यावर, सर्वांत उंच, शिरोबिंदु. (हवेच्या अडथळ्यानें उतरती बाजू अधिक उभी होते, तें येथें सोडून देऊं.) गोलंदाजाला ही वाट अनुभवानें ठाऊक होती, गणितानें नव्हे. युरोपांतहि तेव्हां निराळी स्थिति नव्हती. १५३७ च्या आपल्या ग्रंथांत तार्तालिया हा गणिती गोळ्याची वाट आधीं सरळ, मग वर्तुळाच्या कंसासारखी आणि शेवटीं पुन्हां सरळ खालीं, अशी तीन तुकड्यांची मानीत होता.

नगरास एकदां हे दोन्ही धागे फार जवळ आले. १५९१ सालीं अकबरानें फैजी कवीस खानदेश व अहमदनगरच्या दरबारीं वकील म्हणून धाडिलें. ह्याच फैजीनें चार वर्षांपूर्वीं लीलावतीचें फारसी भाषांतर पुरें केलें होतें, आणि वर्गसमीकरणाचीं उदाहरणें लीलावतींतहि आहेत. नगरांत त्यास आवडले ते जुहूरी आणि मलिक कुम्मी हे कवि. त्यांची वाखाणणी त्यानें बादशहास लिहून कळविली. तोफगोळ्याकडे गणिताच्या दृष्टीनें पाहण्याचें त्यास कारणच नव्हतें, आणि ह्यांत त्याचा दोष नाहीं. ओतारी, गोलंदाज आणि ग्रंथ वाचणारा पंडित हे एका पंक्तीस बसतच नसत. खरें वैगुण्य तेथें होतें, असें आमचें मत आहे.

पुढील सालें नुसतीं ओळीनें वाचलीं तरी मनाला चटका लागतो. १६३२ सालीं मलिक-ए-मैदान परांड्याहून विजापुरास गेली. १६३४-३५ मध्यें अताउल्ला रशीदी यानें भास्कराचार्यांचें बीजगणित फारसींत उतरवून शहाजहानास अर्पण केलें. १६३६ सालीं निजामशाही बुडाली. लगेच १६३७ सालीं लायडन येथें देकार्तची भूमिति छापून निघाली आणि समीकरणाला रेषेचें रूप मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. १६३८ सालीं त्याच लायडनमध्यें गॅलिलिओचा ग्रंथ निघाला, आणि फेंकलेल्या पदार्थाची वाट अन्वस्त असते हें जगास कळलें. संख्या आणि कमान ह्यांची गांठ अखेर एका छापखान्यांच्या शहरांत पडली.

नगरच्या भुईकोट किल्ल्यांत भास्कराचार्य पुढें एकदां आले, तेहि ग्रंथांतूनच. तेथें बंदिवासांत असतां पंडित नेहरूंनीं १९४४ सालीं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलें, आणि त्यांत प्राचीन भारतीय गणितावर एक भाग घातला. मलिक-ए-मैदान तेव्हां विजापुरच्या शेरझा बुरुजावर होती. आजहि ती तेथेंच आहे.