पेयांचे छायाचित्रण

पेयांचे छायाचित्रण ही जाहिरात छायाचित्रणाची एक शाखा असून तीत सरबत, चहा, शीतपेये, मद्य इत्यादी पेयांची चित्रे जाहिराती, वेष्टने आणि उपाहारगृहांची दरपत्रके यांसाठी टिपली जातात. खाद्यपदार्थांच्या छायाचित्रणाशी तिचे जवळचे नाते आहे. मात्र पेय बहुधा पारदर्शक असते व काचेच्या भांड्यात असते, त्यामुळे येथील अडचणी वेगळ्या आहेत. भाकरीवर पडलेल्या उजेडात भाकरी दिसते; काचेवर पडलेल्या उजेडात मात्र दिव्याचे प्रतिबिंब दिसते.

प्रकाशयोजना

काचेवर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के परावर्तित होतो आणि उरलेला बहुतेक आरपार जातो. कॅमेऱ्याच्या बाजूने प्रखर दिवा लावला तर पेयाचा रंग खुलत नाही, काचेवर पांढरा ठिपका तेवढा उमटतो. नवशिक्यांची पहिली चूक बहुधा हीच असते. म्हणून पेयाला प्रकाश मागून दिला जातो.

याच्या दोन पद्धती रूढ आहेत. उजळ पार्श्वभूमीच्या पद्धतीत पेल्यामागे पांढरा अर्धपारदर्शक पडदा लावून त्यामागून दिवा सोडतात. पडद्याचा कॅमेऱ्याला दिसणारा भागच उजळ ठेवल्यास पेल्याच्या कडा भोवतालचा अंधार दाखवतात व काळ्या रेघेने आखल्यासारख्या दिसतात. लिंबू सरबतासारखी फिकी पेये अशी खुलतात. काळ्या पार्श्वभूमीच्या पद्धतीत मागे काळा पुठ्ठा ठेवून त्याच्या चहूबाजूंनी प्रकाश येऊ देतात. तेव्हा कडा उजळतात आणि मधला भाग गडद राहतो.

कोला, कोकम सरबत किंवा कोरा चहा यांतून प्रकाश फारसा पार होत नाही. अशा वेळी पेल्याच्या आकाराचा चंदेरी वा सोनेरी कागद कापून तो पेल्यामागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा उभा करतात, किंवा पेय पाणी घालून पातळ करतात. दूध, ताक, सोलकढी ही पेये अपारदर्शक असल्याने त्यांना बाजूचा प्रकाश पुरतो. चहाची वाफ टिपायची असेल तर मात्र गडद पार्श्वभूमी आणि मागचा प्रकाश दोन्ही लागतात.

भरलेला गोल पेला भिंगाचे काम करतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. मागचे दृश्य त्यात डावे-उजवे उलटून दिसते.

मांडणी

दिव्यांच्या उष्णतेने बर्फ वितळतो, फेस बसतो आणि पेल्यावरचे दव ओघळते. त्यामुळे ग्लिसरीन व पाणी यांचे मिश्रण फवारून थेंब तयार करतात. ग्लिसरीन सहजी उडून जात नाही, म्हणून ते दीर्घकाळ टिकतात. खरे दव मुख्यतः पेयाच्या पातळीपर्यंतच जमते. काठापर्यंत थेंब असलेला पेला जाणत्याला म्हणूनच खटकतो. बर्फाऐवजी ॲक्रिलिकचे खडे वापरतात, पण ॲक्रिलिक पाण्याहून जड असल्याने ते बुडतात. तळापासून रचत आणल्याखेरीज ते तरंगत्या बर्फासारखे दिसत नाहीत. बिअरचा बसलेला फेस चिमूटभर मिठाने पुन्हा वर आणता येतो. उसळते थेंब गोठवण्यासाठी अत्यल्प काळ चमकणारा फ्लॅश लागतो. हॅरॉल्ड एजर्टन यांचे १९५७ मधील दुधाच्या थेंबाच्या मुकुटाचे रंगीत छायाचित्र या तंत्राचा प्रसिद्ध नमुना आहे.

सत्यतेचा प्रश्न

अशा युक्त्यांची मर्यादा कोणती, हा वाद जुना आहे. कॅम्पबेल कंपनीच्या जाहिरातीत सूपच्या वाडग्यात काचेच्या गोट्या टाकून भाज्या वर आणल्या होत्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७० च्या सुमारास त्यावर कारवाई केली. स्थिर वाडग्यात भाज्या तळाशी बसतात हे खरेच. तथापि गोट्यांमुळे त्या प्रत्यक्षाहून अधिक असल्याचा भास होत होता. भारतात ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पेल्यावरचे ग्लिसरीनचे थेंब आणि विकाऊ रसाचा वाढवलेला दाटपणा यांना एकाच मापाने मोजता येत नाही. पहिल्यात विक्रीच्या वस्तूला हात लागलेला नसतो, दुसऱ्यात ग्राहक पैसे मोजतो ती वस्तूच बदललेली असते.