वऱ्हाडातील उन्हाळी बेगमी : कुरडई

हिवरखेड (ता. तेल्हारा, जि. अकोला) परिसरात वर्षाच्या जेवणाचा विचार उन्हाळ्यातच होत असे, कारण पावसाळ्यात भाजी दुर्मिळ. कुरडईसाठी गहू ३ दिवस भिजवीत व पाणी रोज बदलीत. हयगय झाली की चीक आंबून बेगमी वाया जाई. वाटून गाळलेला चीक रात्रभर निवळू देत, वरचे पाणी काढून मिठासह शिजवीत. घोटणे एकटीचे काम नव्हे. शेजारणी आळीपाळीने येत. मुलांना वाटीभर गरम चीक मिळे, खरी मेजवानी तीच! मग सोऱ्याने खाटेवरील कापडावर कुरडया पाडीत. हाच सुमार उपवासकाळाचा. मांसवर्ज्य शुक्रवारी भाकरीसोबत सांडग्यांची भाजी सोयीची. नव्या कुरडया मात्र सणासाठी राखून डब्यात बंद होत.