पांजरपोळ

पांजरपोळ : म्हाताऱ्या, लंगड्या, भाकड किंवा बेवारस जनावरांना मरेपर्यंत सांभाळणारी धर्मादाय संस्था. शब्द गुजरातीतून आला. पांजरा म्हणजे पिंजरा आणि पोळ म्हणजे वाडा किंवा बंदिस्त गल्ली, अशी त्याची फोड सांगतात. गोशाळेचा विषय मुख्यतः गाय. पांजरपोळात शेळी, घोडा, कुत्रा, कबूतर अशा कोणालाही थारा मिळतो, निदान तत्त्वतः. मराठीत या शब्दाला चेष्टेची धारही आहे. निवृत्तीला टेकलेल्या मंडळींनी भरलेल्या कचेरीला कोणी पांजरपोळ म्हटले, तर ते कौतुक नसते.

जुन्या वर्णनांत पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाचे वर्णन सर्वांत बोलके आहे. 1623 साली त्याने गुजरातेतील खंबायत येथे पक्ष्यांचे रुग्णालय पाहिले. आईबाप नसलेली उंदराची पिल्ले तिथे कापसात ठेवलेली होती आणि पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा, नाकावर चष्मा लावून, पिसाने त्यांना दूध पाजत होता. जनावरांच्या आश्रयस्थानात त्याला एक माणूसही दिसला. चोरीच्या शिक्षेत त्याचे दोन्ही हात तोडले होते आणि तोही त्या जनावरांमध्येच पोसला जात होता. नंतरच्या अभ्यासकांनी या माणसाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. पांजरपोळाची कल्पना मात्र त्याच्याइतकी दुसऱ्या कोणी स्पष्ट केलेली नाही : आत येणाऱ्याला ‘उपयोग काय?’ असे विचारायचे नाही.

गुजरातेतील काही पांजरपोळांत ‘जीवातखाना’ असे. किडे पडलेले धान्य आणि केरकचरा, किड्यांसकट, त्या खोलीत नेऊन टाकत.

मुंबईच्या पांजरपोळाबद्दल सर्वाधिक कागदपत्रे उपलब्ध आहेत, त्यामुळे त्याची हकीकत लांबते. शहरात मोकाट कुत्री मारण्यासाठी सरकार दर कुत्र्यामागे आठ आणे देई. बक्षिसाच्या लोभाने पाळलेली कुत्रीही उचलली जातात, अशी तक्रार होती. 6 जून 1832 रोजी फोर्टात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर जमाव धावून गेला. त्यात पुढे पारशी होते. पारशी अंत्यविधीत प्रेत कुत्र्याच्या दृष्टीस पाडण्याचा ‘सगदीद’ हा विधी असतो. त्यामुळे त्यांच्या लेखी हा धर्मावरच घाला होता. जैन आणि हिंदू व्यापारीही सामील झाले. दुसऱ्या दिवशी दुकाने उघडली नाहीत, गोऱ्या सैन्याची रसद अडली आणि अखेर सैन्य रस्त्यावर आणावे लागले. पुढे कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडण्याचा तोडगा निघाला. ती जिथे सोडली तिथल्या लोकांना विचारल्याची नोंद सापडत नाही.

1834 मध्ये पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ सुरू झाला. दंगलीतूनच तो जन्मला असे सर्रास लिहिले जाते. दोन वर्षांचे अंतर पाहता ते शक्य आहे, पण त्यामागे एवढे एकच कारण असेल असे नाही. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर लागा, म्हणजे धर्मादाय पट्टी, बसवून घेतला. दया गाठीमागे मोजून घेण्याची ही पद्धत धर्मग्रंथांइतकीच बाजारपेठेची देणगी होती. पुढे संस्थेने शहराबाहेर, चेंबूरलाही, जागा घेतल्या. चेंबूरकरांना पांजरापोळ हे नाव आज आधी आठवते ते रस्त्यावरच्या चौकासाठी.

टीका जुनीच आहे. मारायचे नाही एवढे ठरवले की काम संपले असे समजून जनावरे कोंडली जातात, आजारी आणि धडधाकट एकाच दावणीला बांधली जातात, असे युरोपीय पाहुणे लिहीत. उलट बाजूने इलाजाची परंपरा उभी राहिली : 1874 मध्ये मुंबईत प्राणिक्लेश प्रतिबंधक संस्था, पुढच्या दशकात परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आणि 1886 मध्ये शेजारीच पशुवैद्यक महाविद्यालय.

खरा पेच मरणाचा. 1926 मध्ये अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने आवारातील साठ कुत्री मारवली आणि गांधींनी ‘यंग इंडिया’तून त्याची बाजू घेतली. 1928 मध्ये साबरमती आश्रमातले असाध्य दुखण्याने तळमळणारे वासरू त्यांच्या संमतीने सुई देऊन मारण्यात आले. संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. ते आपल्या मतावर ठाम राहिले. गोरक्षण संस्थांनी आदर्श दुग्धालय चालवावे, मेलेल्या गुरांच्या कातड्यासाठी चर्मालयही काढावे, असे ते सांगत. अनेक पांजरपोळांनी पहिला सल्ला ऐकला, दुसऱ्याकडे कानाडोळा केला.

पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूर, सोलापूर येथेही पांजरपोळ आहेत.

महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यातील 2015 मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. भाकड जनावर विकता येत नाही आणि पोसताही येत नाही, हे शेतकऱ्याचे गाऱ्हाणे त्यानंतर वाढले, असे शेतकरी संघटना म्हणतात. कायद्याचे समर्थक ते मान्य करत नाहीत. चाऱ्याचा खर्च कोणी सोसायचा, यावर दोन्हीकडे बोलणे कमी.

भुलेश्वरच्या गल्लीत आजही पांजरपोळाच्या दारात गवताच्या पेंढ्या विकायला असतात. संक्रांतीला पेंढी घेणाऱ्यांची रीघ लागते. गायीपुढे गवत येत राहते आणि तिचे पोट केव्हाच भरलेले असते.