निवड चाचणी आणि मैदान

फुटबॉल क्लबच्या कुमार संघात प्रवेश मिळण्यापूर्वी खेळाडूस द्यावी लागणारी परीक्षा म्हणजे निवड चाचणी. जन्मदाखल्यावरून वयोगट ठरतो. नंतर धाव, चेंडूवरील ताबा, पास आणि अखेरीस छोटा सामना. एकेका मुलाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे येतात आणि तेवढ्यात त्याच्या खेळाइतकाच मैदानाचाही कौल लागतो.

नाशिकमध्ये मैदानावर पहिला हक्क क्रिकेटचा. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामने होतात. फुटबॉलला बहुधा सामायिक जागाच मिळते. मधोमध क्रिकेटची टणक खेळपट्टी असली की चेंडू भलताच उसळतो. काळी माती पावसाळ्यात चिखल होते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर हलक्या पायाचा, चेंडू खेळवणारा मुलगा मागे पडतो आणि दांडगा पुढे जातो. मग निवड खेळाची न राहता अंगकाठीची होते.

आंतरराष्ट्रीय सामन्यास १०० ते ११० मीटर लांब व ६४ ते ७५ मीटर रुंद मैदान लागते. लहान मुलांना त्याच्या निम्म्यावर आणि ४ क्रमांकाच्या चेंडूवर भागते. म्हणजे अडचण जागेपेक्षा निगराणीची अधिक: रोलर, हिरवळ, पाण्याचा निचरा. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. तेथे शाहू स्टेडियम फुटबॉलसाठीच ओळखले जाते.

पालकांनी अर्ज भरण्यापूर्वी मैदान एकदा पायाखाली घालावे. खडे, काचा, खड्डे तर पाहावेतच. पण गोलखांब जमिनीत पक्के रोवलेले आहेत की नुसते टेकवलेले, हे आधी हलवून पाहावे.