घागरींचा हिशेब

आमच्या मिरजेच्या घरात गाण्याची कुठलीही गोष्ट पाण्यापासून सुरू व्हायची. रात्रीची जेवणं झाली, ओट्यावर चटई पडली, आजोबांनी अडकित्ता हातात घेतला की पहिलं वाक्य ठरलेलं : "बुवांच्या घरी रोज चाळीस घागरी पाणी लागायचं." पावसाळ्यात हा आकडा तीसवर उतरायचा आणि ऐकायला कुणी पाहुणा असला की साठावर चढायचा. आड परसात, रहाट कुरकुरता, दोर तळव्याला काचणारा. पहाटे चारला उठून लागायचं ते उजाडेपर्यंत. मग सडा, मग बुवांची धोतरं, मग मंडईतून भाजी. "आणि गाणं?" असं आम्ही विचारलं की आजोबा म्हणायचे, "गाणं काय, ते असायचंच की घरात."

आतून आजीचा आवाज यायचा, "पाणी मीही जन्मभर भरलं. मला नाही कुणी गंडा बांधला."

आजोबा पुढे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेत मालाचे कारकून झाले आणि रेल्वेतूनच निवृत्त झाले. त्याआधी, चौदा-पंधरा वर्षांचे असताना, गावातल्या एका बुवांकडे ते दोन वर्षं शिकायला राहिले होते. बुवांचं नाव इथं घेत नाही. त्यांचे नातू-पणतू गावात आहेत आणि भेटले की चहा पाजतात. दोन वर्षांनी आजोबा घरी का परतले, हे मात्र त्या गोष्टींत कधी येत नसे. गोष्ट आडावरून निघायची आणि स्वतःला वळसा घालून थोरामोठ्यांकडे जायची.

त्यात पहिला मान विष्णु दिगंबर पलुस्करांचा. कुरुंदवाड आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. 1872 साली तिथे जन्मलेल्या ह्या मुलाचे डोळे फटाक्याच्या दारूने अधू झाले. शाळा संपली, आणि मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला राहिला. बाळकृष्णबुवांनी तरी काय कमी खस्ता खाल्ल्या होत्या? धारला देवजीबुवांच्या घरी राहिले, तिथून बाहेर पडावं लागलं, मग ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोश्यांचे पाय धरले, तेव्हा कुठे ती गायकी कृष्णाकाठी आली. आजोबा हे सगळं स्वतः पाहिल्यासारखं सांगत. त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधीचं होतं, पण आम्हाला तेव्हा हिशेब येत नव्हता.

विष्णु दिगंबरांनी 1896 साली मिरज सोडली. का सोडली, ह्याचीही एक गोष्ट आजोबांकडे होती. गावात काही समारंभ होता. ह्यांना बोलावणं आलं, गुरूंना नाही. विचारलं तर उत्तर मिळालं की तुम्ही सरकारांच्या मर्जीतले म्हणून बोलावलं. बुवा काय, गाणारेच. ते शब्द त्या तरुण माणसाला लागले. ही गोष्ट चरित्रांतही येते, आजोबांच्या तोंडून मात्र ती गावावरच्या रागासारखी यायची. आपल्याच गावाने एका गाणाऱ्याला ओळखलं नाही, ह्याची लाज त्यांना वाटत असावी.

पुढे 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय निघालं. सुरुवातीला विद्यार्थीच येईनात. विष्णु दिगंबर रोज ठरल्या वेळी वर्गात जात, तंबोरा लावत, एकटेच गात आणि वेळ संपली की उठत, असं आजोबा सांगत. पाण्याच्या गोष्टीपेक्षा मला ही गोष्ट तेव्हाही जास्त आवडायची. रिकाम्या खोलीत ठरल्या वेळी तंबोरा लावायचा, हे घागरी वाहण्यापेक्षा अवघड आहे. घागर भरली की दिसते तरी.

आज मला वाटतं, विष्णु दिगंबरांनी केलं ते हेच : गुरुघरच्या सेवेला त्यांनी घड्याळ लावलं. वेळापत्रक आलं, स्वरलेखन आलं, छापील पुस्तकं आली, परीक्षा आल्या. प्रचारक म्हणून तयार व्हायचं त्या विद्यार्थ्यांकडून नऊ वर्षांचा करार लिहून घेतला जाई. निर्व्यसनी राहणं, नीटनेटके कपडे, वेळेवर हजर होणं, ह्या गोष्टी त्यांना सुरांइतक्याच महत्त्वाच्या वाटत, कारण गाणारा म्हणजे ओवाळून टाकलेला माणूस हा समज त्यांना मोडायचा होता. नऊ वर्षं हीसुद्धा एक बेडीच होती, नाही असं नाही. पण किती वर्षं ते आधी ठाऊक असलेली बेडी. आडावर उभ्या असलेल्या पोराला तेवढंही ठाऊक नसायचं. आणि एवढ्या शिस्तीच्या माणसाची मुंबईतली स्वतःची इमारत कर्जापायी लिलावात गेली, हे आजोबा सांगताना आवाज उतरवायचे. शिस्त आणि व्यवहार ह्यांची गाठ पडेलच असं नाही.

भीमसेन जोशींची गोष्ट सांगताना मात्र आजोबांमधला रेल्वेचा कारकून जागा व्हायचा. गदग, हुबळी, कुंदगोळ, मिरज ही सगळी 'आमच्या' रेल्वेची स्टेशनं. 1933 साली अकरा वर्षांचा मुलगा गुरू शोधायला गदगहून पळतो, खिशात तिकिटाला पैसे नाहीत, डब्यात गाऊन दाखवतो आणि तिकीट तपासनीस सोडून देतात. "कंपनीचं किती भाडं बुडवलं असेल पोरानं!" आजोबा म्हणायचे आणि खूश व्हायचे. तो ग्वाल्हेरला गेला, कुठे कुठे भटकला, जालंधरला पोचला. तिथे विनायकराव पटवर्धन भेटले. हे आमच्या मिरजेत जन्मलेले, विष्णु दिगंबरांचे शिष्य. त्यांनी सांगितलं, एवढ्या लांब कशाला आलास, तुझ्या घराशेजारीच सवाई गंधर्व आहेत.

म्हणजे अर्धा हिंदुस्थान फिरून मुलगा 1936 साली सवाई गंधर्वांकडे कुंदगोळला आला. आणि तिथे काय? पाणी. आजोबा इथे थांबून आमच्याकडे विजयी मुद्रेने बघायचे.

ह्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मला फार उशिरा कळला. त्याच काळात गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला शिकायला येत. रात्री तालीम संपली की त्यांना स्टेशनापर्यंत सोडायला भीमसेन जायचे. म्हणजे तालीम चालू असताना हा मुलगा घरातच. स्वतःला फारसं काही मिळत नव्हतं त्या दिवसांतही दुसऱ्याला मिळत होतं ते कानांवर पडत होतं. पुढे भीमसेनांना शिकवलं तेही थोडकंच : सकाळी तोडी, दुपारी मुलतानी, संध्याकाळी पूरिया. तीन रागांत माणूस किती दिवस काढू शकतो, ह्याची कल्पना आम्ही परीक्षा देणाऱ्यांनी करूच नये. मध्यमा पूर्णच्या वर्षी आमच्या वहीत रागांची रांग लागलेली होती आणि एकही राग आमच्या ओळखीचा झालेला नव्हता.

चारित्र्यावर आजोबा पुष्कळ बोलत. सुपारीशिवाय त्यांना व्यसन नव्हतं, त्यामुळे हा विषय त्यांना सोयीचा होता. पण भीमसेनांच्या आयुष्यात दारूचा एक काळ येऊन गेला, हे जगजाहीर होतं. ते निघालं की आजोबा अडकित्ता खाली ठेवून म्हणत, "ते सोड. ते त्यातून बाहेर आले ना?" आणि विषय बदलत. मला आता वाटतं, गाणाऱ्याचं चारित्र्य व्यसनाच्या खात्यावर मोजायची आपली सवय विष्णु दिगंबरांच्या काळापासून पडली. तेव्हा तिची गरज होती. पण त्या मापाने निम्मे मोठे गवई फेल होतात आणि निम्मे बेसुरे पास.

माझा आवाज फुटला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. गळ्यातून काय निघेल ह्याचा भरवसा नाही, क्लासला जायची लाज वाटायची. त्या आठवड्यात आजोबांनी अल्लादिया खाँसाहेबांची गोष्ट काढली. अमलेटा संस्थानात असताना रोज गाऊन गाऊन त्यांचा आवाज बसला. बसला म्हणजे गेलाच. पुन्हा उभा राहिला तो पहिल्यासारखा गोड नव्हता. मग त्यांनी त्या आवाजाला झेपेल, शोभेल अशी गायकी बांधली : लयीशी गुंतलेली, वळणावळणाची, अवघड. शाहू महाराजांच्या काळात ते कोल्हापूरला आले ते हीच गायकी घेऊन, आणि महाराष्ट्र पुढे तिच्यामागे वेडा झाला. गंगूबाईंचंही तसंच : टॉन्सिलच्या उपचारानंतर बारीक आवाज जाऊन तो भारदस्त खर्जाचा आला, आणि त्याच आवाजावर त्यांनी गाणं उभं केलं. "तुझा तर नुसता फुटलाय," आजोबा म्हणाले. "जाऊन बस क्लासला. गाऊ नकोस. ऐक."

'ऐक' म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

आजोबांची सगळ्यात आवडती गोष्ट अब्दुल करीम खाँसाहेबांच्या शेवटाची. खाँसाहेब कैरान्याचे, पण राहिले मिरजेत. लहानपणी आजोबांनी त्यांना रस्त्याने जाताना पाहिलेलं. ऑक्टोबर 1937. मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत अस्वस्थ वाटू लागलं म्हणून सिंगपेरुमाळ कोइल नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरले. फलाटावर बिछाना घातला, नमाज पढले, दरबारीत ईश्वराला आळवलं आणि गेले. "ती लाइन आमची नव्हे, साउथ इंडियनची," आजोबा हमखास सांगत. जणू आमच्या लाइनवर असते तर काही वेगळं झालं असतं. खाँसाहेबांना मिरजेला आणलं आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलं. दरवर्षी उरुसात तिथे गाणं होतं. आजोबा हयातभर त्या रात्री चुकले नाहीत. पुढे बसायचे नाहीत, मागे, चपलांजवळ.

ह्या सगळ्या गोष्टींत बाई नव्हती. गंगूबाईसुद्धा आवाजाच्या दाखल्यापुरत्या. ती उणीव आजीने भरून काढली. आजी सांगलीची. तिची एकच गोष्ट होती आणि ती ती वातींचा कापूस पिंजताना सांगायची. गोव्यातल्या कुर्डी गावची एक पोरकी मुलगी, मोगू, नाटक कंपनीतून सांगलीला आली. अल्लादिया खाँसाहेब तेव्हा वैद्यांच्या उपचारासाठी सांगलीत होते. जाता-येता त्यांनी तिला गाताना ऐकलं आणि आपण होऊन शिकवायला लागले. खाँसाहेब मुंबईला गेले, तीही मागोमाग गेली. तिथे खाँसाहेबांकडेच शिकणाऱ्या केसरबाईंच्या तालमीच्या अटी आड आल्या आणि शिकवणं बंद झालं. मग ती दुसऱ्या घराण्याच्या उस्तादांकडे शिकली, मग खाँसाहेबांचे भाऊ हैदर खाँ ह्यांच्याकडे, तेही थांबलं. अखेर 1934 साली खाँसाहेबांनी गंडा बांधला. त्यानंतर काही वर्षांत नवरा गेला, पदरी तीन मुलं.

"तिनं पाणी भरलं का गं गुरूकडे?" मी एकदा मुद्दाम विचारलं.

"घरचं भरून उरलं तर गुरूचं," आजी म्हणाली.

मोगूबाई कुर्डीकरांना त्या काळात संयोजकांनी कसं वागवलं, किती थोडक्या बिदागीवर आणि कसल्या प्रवासात, हे त्यांच्या मुलीने, किशोरी आमोणकरांनी, मोठेपणी बोलून दाखवलेलं आहे. आईबरोबर फिरताना पाहिलेलं ते त्या विसरल्या नाहीत. पुढे मैफलीत कुणी कुजबुजलं तरी त्या गाणं थांबवत, आणि लोक त्याला लहर म्हणत. मला ती लहर वाटत नाही. विष्णु दिगंबरांना मिरजेत जे लागलं होतं, तेच हे. आईने गिळलं, मुलीने गिळलं नाही. कुर्डी गाव आता साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं.

आजोबा ऐंशीच्या पुढे गेल्यावर एका दुपारी मी सतारमेकरांच्या गल्लीतून तंबोरा घेऊन आलो. जवारी काढून आणली होती. मी गाणं केव्हाच सोडलेलं, पण तंबोरा घरात होता आणि आजोबांना त्याचा आवाज गेलेला चालत नसे. तारा छेडल्या, खोली भरली. आजोबा बराच वेळ ऐकत राहिले आणि मी न विचारता म्हणाले, "बुवांनी एकदा विचारलं होतं. सकाळी थोरल्याला काय सांगत होतो रे मी?"

"मग?"

"मी आडावर होतो. चाळीस घागरी मोजत होतो. काय सांगत होते ते माझ्या कानांवर पडलंच नव्हतं." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "बुवा रागावले नाहीत. म्हणाले, बरं. आणि मग कधी विचारलंच नाही."

मला काय बोलावं सुचेना. इतकी वर्षं त्या घागरींचा आकडा कमी-जास्त का होत होता, ते कळत होतं आणि कळल्याचं दाखवायचं नव्हतं. मी उगाच तंबोऱ्यावर भूप धरला, शाळकरी वयात परीक्षेला गायचो तोच. फुटका, सवय गेलेला आवाज. अवरोहात कुठेतरी घसरलो.

स्वयंपाकघरात विळीचा आवाज थांबला. "म कुठून आला तुझ्या भूपात?" आजी म्हणाली, आणि पुन्हा दोडका चिरू लागली.