पेंटबॉल मार्करचे पार्ट बदलल्याने परफॉर्मन्स खरंच वाढतो का?

बीजीएमआय खेळणाऱ्यांना अटॅचमेंटचं महत्त्व वेगळं सांगायला नको. बंदुकीला कॉम्पेन्सेटर लावला की रिकॉइल कमी होतो, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मग कधीतरी लोणावळा-कर्जतच्या एखाद्या रिसॉर्टवर आपण खरा पेंटबॉल खेळतो, किंवा अमेरिकेत शिकायला गेलेला मित्र तिथे स्वतःचा मार्कर विकत घेतो. (पेंटबॉलच्या बंदुकीला ‘मार्कर’ म्हणतात.) त्यानंतर मला हमखास एक प्रश्न येतो: “लांब बॅरल लावलं तर बॉल लांब जाईल ना?”

थोडक्यात उत्तर सांगतो. बहुतेक पार्टमुळे पल्ला वाढत नाही. काही पार्टमुळे प्रत्येक शॉट सारखा पडतो, आणि पैसे टाकायचेच असतील तर ते यासाठी टाकावेत. का ते आता नीट बघूया.

मार्कर काम कसा करतो?

टाकीत दाबाखाली गॅस असतो. ट्रिगर दाबला की व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि तो गॅस बॉलला बॅरलमधून बाहेर ढकलतो. नेहमीचा बॉल ०.६८ इंच, म्हणजे साधारण १७ मिलिमीटर जाडीचा आणि ३ ग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो. वरचं कवच जिलेटिनचं, औषधाच्या मऊ कॅप्सूलसारखं. आत रंग. म्हणजेच आपण हलकी, मऊ आणि कधीच शंभर टक्के गोल नसलेली वस्तू फेकतोय. पुढची सगळी गणितं इथूनच सुरू होतात.

वेग वाढवला तर?

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. खेळाच्या मैदानांवर वेगाला मर्यादा असते. बहुतेक ठिकाणी ती २८० ते ३०० फूट प्रति सेकंद असते. ३०० फूट म्हणजे ताशी सुमारे ३२९ किलोमीटर! खेळाआधी क्रोनोग्राफ नावाच्या यंत्रावर प्रत्येक मार्करचा वेग मोजतात. म्हणजे महागडा मार्कर असो की भाड्याचा, दोघांचीही वेगाची कमाल मर्यादा तीच.

बरं, समजा तुमचा मार्कर २८० वर आहे आणि तुम्ही तो नियमात राहून ३०० वर नेला. फायदा किती? हवेचा विरोध धरून मी हिशोब केला. ३०० ने सुटलेला बॉल साधारण ३ मीटर जाईपर्यंतच २८० वर येतो. तिथून पुढे तो तुमच्या जुन्या बॉलसारखाच उडतो. म्हणजे एवढ्या खटाटोपातून मिळाले फक्त ३ मीटर. चार पावलं पुढे सरकलात तरी तेवढंच अंतर फुकटात मिळतं.

मर्यादेपलीकडे मात्र अजिबात जाऊ नका. जास्त कडक स्प्रिंग टाकून वेग ३०० वरून ३५० केला तर बॉलची ऊर्जा ३६ टक्क्यांनी वाढते. समोर कोणाचा तरी चेहरा आणि मास्क असतो, हे विसरू नका.

बॅरल: लांबीपेक्षा माप महत्त्वाचं

गॅसचं बहुतेक काम पहिल्या ८-१० इंचांतच होऊन जातं. त्यापुढच्या नळीत वेग फारसा मिळत नाही, उलट घर्षण वाढतं. लांब बॅरलला भोकं असतील तर आवाज कमी होतो आणि आडोशाची जाळी बाजूला सारायला ते बरं पडतं, एवढाच फायदा.

खरा फरक पडतो तो आतल्या व्यासाने. बॉलच्या मानाने नळी फार सैल असेल तर गॅस बाजूने निसटतो आणि प्रत्येक शॉटचा वेग वेगळा येतो. फार घट्ट असेल तर बॉल आतच फुटतो. तपासायची पद्धत सोपी आहे. बॅरल मार्करपासून पूर्ण वेगळं करा आणि त्यात बॉल ठेवा. आपोआप घरंगळून बाहेर आला तर नळी सैल आहे. हलकी फुंकर मारल्यावर सुटला तर माप बरोबर आहे.

गॅस: इथे फरक जाणवतो

सीओटू टाकीत द्रवरूपात असतो. भराभर शॉट मारले की टाकी गार पडते, दाब उतरतो आणि वेग कमी होतो. थंडीतही तेच. त्याऐवजी उच्च दाबाच्या हवेची टाकी आणि चांगला रेग्युलेटर असेल तर दाब जवळपास एकसारखा राहतो. एकाच ठिकाणी नेम धरल्यावर एक बॉल वर आणि दुसरा खाली का जातो, याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं. फक्त ही टाकी भरून देणारी सोय जवळ आहे का, ते आधी बघा.

हॉपर, सेन्सर, ट्रिगर

हॉपर म्हणजे वरचा बॉलचा डबा. साध्या हॉपरमध्ये बॉल आपल्या वजनाने खाली पडतात आणि कधीकधी अडकतात. बॉल अर्धवट आत आला की बोल्ट त्याचा चुराडा करतो. बॅटरीवर चालणारा हॉपर आणि ‘आईज’ नावाचे सेन्सर हा त्रास कमी करतात. सतत अडत असेल तरच हा खर्च करा. हलक्या ट्रिगरने शॉट पटापट सुटतात, नेम सुधारत नाही.

एक अपवाद

टिपमन ९८ कस्टमसारख्या मार्करसाठी ‘फ्लॅटलाइन’ नावाचं किंचित वाकवलेलं बॅरल निघालं होतं. ते बॉलला उलटी फिरकी देतं. त्यामुळे बॉल हवेत जास्त वेळ तरंगतो आणि त्याच वेगात लांब पोचतो. पण तिथे पोचेपर्यंत वेग इतका उतरलेला असतो की बॉल न फुटता आपटून परत येऊ शकतो. आणि बॉल फुटलाच नाही तर समोरचा बाद होत नाही!

मग पैसे कुठे घालायचे?

माझा क्रम असा आहे:

१. मास्क. पेंटबॉलसाठीच्या एएसटीएम एफ१७७६ मानकाचा घ्या. न धुकणारी काच असेल तर नेम आपोआप सुधारतो, कारण समोरचं दिसतं!
२. ताजे, गोल बॉल. जिलेटिन हवेतला ओलावा शोषून फुगतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात पाकीट उघडं ठेवलंत तर कुठलंही बॅरल तुम्हाला वाचवणार नाही.
३. साफसफाई. बॅरलमध्ये रंग राहिला की पुढचा बॉल वाकडाच जातो. नळी पुसायचा स्क्वीजी अगदी स्वस्तात मिळतो.
४. हवेची टाकी आणि रेग्युलेटर.
५. बॉलच्या मापाचं बॅरल.
६. बाकी सगळं यानंतर.

जाता जाता एक गंमत. पेंटबॉलचा पहिला खेळ २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये झाला. १२ खेळाडू होते आणि सगळ्यांकडे झाडांवर खुणा करायचं तेच एक हत्यार होतं, नेलस्पॉट ००७. जंगलात काम करणाऱ्या ज्या खेळाडूने तो सामना जिंकला, त्याने झेंडे गोळा करताना एकही गोळी झाडली नव्हती. त्यामुळे पुढच्या वेळी कार्टमध्ये लांब बॅरल टाकण्याआधी भाड्याच्या मार्करवर आणखी दोन सामने खेळून बघा.